खालच्या आठ ओळी

चूक माझी होती. ती कबूल करायला मला निकालानंतर अठरा दिवस लागले आणि शेवटी ती सगळ्या गावासमोर, माइक चालू असताना कबूल करावी लागली. म्हणून इथं सुरुवातीलाच सांगून मोकळा होतो. रंगनाथतात्यांची कविता अठ्ठावीस ओळींची होती. स्पर्धेचा नियम वीस ओळींचा. मी खालच्या आठ ओळी कापल्या, वरच्या वीस पाठवल्या आणि तात्यांना अवाक्षर बोललो नाही. कवितेला बक्षीस मिळालं. इथपर्यंत कुणालाही वाटेल की पोरानं काम चोख केलं. मलाही तसंच वाटत होतं.

रंगनाथ साळवे हे आमच्या वस्तीतले, माझ्या वडिलांचे लांबचे चुलतभाऊ. नेवाशापासून अकरा किलोमीटरवर आमचं गाव. तात्या कालव्यावर पाटकरी होते. चारीला, म्हणजे कालव्याच्या फाट्याला, पाणी सुटलं की कोणत्या शेताला किती वेळ पाणी, हे वहीत बघून गेट उघडायचं आणि बंद करायचं, हे पाटकऱ्याचं काम. पाटबंधारे खात्यात सगळ्यात खालचा माणूस, बांधावर सगळ्यात वरचा. एकतीस वर्षं त्यांनी हे काम केलं. सायकलला मडगार्ड नाही, खांद्यावर गेटाची चावी, खिशात वही, आणि तोंडात एकच वाक्य: आधी टेल, मग हेड. म्हणजे चारीच्या शेवटी ज्यांची शेतं आहेत त्यांना आधी पाणी द्यायचं आणि मग एकेक करत वर यायचं. वरच्यांना आधी दिलं तर खाली फक्त चिखलाचा वास पोचतो. खात्याचा नियमही तोच आहे. फरक इतकाच की तात्या तो पाळायचे.

त्यामुळे वरच्या अंगाला जमिनी असणाऱ्यांचं आणि तात्यांचं कधी पटलं नाही. घरातही फार पटायचं असं नाही. कडूबाईकाकू पाहुण्यांना हसत सांगायच्या, “ह्यांनी सगळ्या गावाला पानी पाजलं, घरचा रांजण मीच भरते.” तात्या ते ऐकून वही काढायचे. बोलणं नको असलं की वही काढायची, ही त्यांची सवयच होती. पाणीपाळीच्या जुन्या वह्यांची मागची कोरी पानं त्यांनी घरी आणून ठेवली होती आणि त्यांत कविता लिहिल्या होत्या. हे मात्र काकूंना सोडून कुणालाही माहीत नव्हतं. काकूंना माहीत होतं, कारण रॉकेलचा दिवा त्यांनाच विझवावा लागायचा.

जून नव्याण्णवमध्ये तात्या निवृत्त झाले आणि माझी शांतता संपली.

मी तेव्हा नेवाशात छगन सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो. तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि एक मोडेम, ज्यावरून नगरला फोन लागला तर लागायचा. लागला की छगन सर घड्याळ घेऊन मागं उभे राहायचे. बी.कॉम.चे दोन विषय राहिलेले, बाकी जगातलं मला सगळं कळत होतं. परदेशातल्या मराठी लोकांनी ई-मेलवर कवितांचा एक गट चालवला होता, ‘पंगत’ नावाचा. मराठी कविता, पण अक्षरं इंग्रजी, कारण दुसरी उमटायचीच नाहीत. मी त्यात शिरलो होतो आणि अमेरिकेतल्या माणसांच्या कवितांवर मतं द्यायचो. नेवाशाच्या एसटी स्टँडमागच्या खोलीत बसून ओहायोतल्या बाईला ‘दुसरं कडवं सैल वाटतं’ असं कळवण्यात काय सुख असतं, ते ज्यानं केलं त्यालाच ठाऊक.

नोव्हेंबरात तात्या पेन्शनचा अर्ज टाइप करायला आले होते. मी पडद्याकडं बघून हसत होतो. योग्या, काय वाचतोस म्हणाले, तर मी सांगितलं. तात्यांनी वही काढली.

त्या महिन्यात ‘पंगत’ची स्पर्धा होती, विषय पाणी. मी म्हटलं, द्या तात्या, पाठवू. त्यांनी वही माझ्या हातात दिली, पण सोडली नाही. दोघांनी धरून आम्ही पहिलं पान वाचलं.

चारीला पाणी सुटलं की
आधी आवाज येतो, मग ओल.
माती जरा वेळ विश्वासच ठेवत नाही.

मी खरं सांगतो, मला हेवा वाटला. कविता तशीच पुढं गेली होती: गेटाची गंजलेली चावी, बांधावर झोपलेली माणसं, पाण्याआधी धावणारे उंदीर. विसाव्या ओळीला ‘पाणी कुणाचं, हे पाणी विचारत नाही’ असं येतं. तिथं कविता संपायला हवी, असं माझ्यातल्या टीकाकारानं ठरवलं. पुढच्या आठ ओळी मला घरगुती वाटल्या. त्यात चारीच्या टोकाला शेत असलेल्या चांगुणाबाईंचं नाव होतं, गहू होता, वहीतला अंगठा होता. मला वाटलं, अमेरिकेला कशाला ह्या चौकशा. त्यात नियम वीस ओळींचा. नियम आपल्या बाजूनं असला की माणूस किती रुबाबात चूक करतो.

एक डिसेंबरला निकाल आला. पहिल्या ओहायोच्या दीपाताई, ज्यांचं दुसरं कडवं मला सैल वाटलं होतं. दुसरे रंगनाथ साळवे, नेवासा. तिसरे गोरक्षनाथ म्हणून एक फिटर, कामाला कुवेतला, मूळचे राहात्याचे. परीक्षकांनी तात्यांच्या कवितेबद्दल लिहिलं होतं की ती नेमक्या जागी थांबते. हे वाक्य मी त्या दिवशी चाळीस वेळा वाचलं. थांबवली कुणी होती?

तात्यांना बातमी सांगितली तर आनंद राहिला बाजूला, कामं सुरू झाली. पहिलं म्हणजे बाकीच्या दोघांना अभिनंदनाचं पत्र. एकच दोघांना चालणार नाही, वेगवेगळं. ते बोलणार, मी टाइप करणार, सर घड्याळ बघणार. गोरक्षनाथांना लिहिलं की आपण राहात्याचे, मी नेवाशाचा, जिल्ह्याला दोन नंबर आले, लोभ असावा. दीपाताईंच्या कवितेपाशी मात्र गाडी अडली. त्यांची कविता अशी होती की तिकडं थंडीत पाइप गोठून फुटू नये म्हणून नळ रात्रभर थेंब थेंब चालू ठेवतात, आणि तो आवाज ऐकत त्या जागतात, कारण लहानपणी त्यांच्या गावी गळका नळ दिसला की घरातलं कुणीतरी उठून बंद करायचं. तात्यांनी ती माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. मग विचारलं, एका थेंबाचं रात्रीत किती लिटर होतं ते तिनं मोजलंय का, ते विचार. मी म्हटलं, तात्या, ती कविता आहे. ते म्हणाले, “कविता हाय म्हनून पानी फुकट का?” ते पत्र शेवटी गेलं. दीपाताईंनी उत्तर पाठवलं की भांडं ठेवून मोजलं, सकाळपर्यंत दीड बादली भरली. तात्यांनी वहीत नोंद केली.

मग सत्कार निघाला. कानिफनाथराव म्हणजे आमच्या चारीच्या अगदी वरच्या अंगाचे मोठे बागायतदार. त्यांना साखर कारखान्याच्या संचालकपदासाठी उभं राहायचं होतं, त्यामुळे त्या हिवाळ्यात गावात कुणाचाही सत्कार होऊ शकत होता. तिसऱ्या खेपेला दहावी पास झालेल्या पोराचाही झाला. तात्यांचं बक्षीस कळताच त्यांनी शाळेचं पटांगण, भोंगा आणि शाल ठरवून टाकली. रविवार, एकोणीस डिसेंबर, सकाळी दहा. कापडी बॅनरही रंगवून आणला: ‘अमेरिकेत प्रथम क्रमांक.’

तात्या बॅनरसमोर उभे राहिले आणि म्हणाले, दुसरा लिहा. कानिफनाथराव म्हणाले, प्रथम जरा बरं दिसतं. तात्या म्हणाले, नंबर पाळीसारखा असतो, दुसऱ्याची पाळी आपल्या नावावर चढवायची नसते. एवढं बोलून ते एकदम थांबले आणि कानिफनाथरावही का कोण जाणे जमिनीकडं बघायला लागले. मला त्यातलं काही कळलं नाही. मी पेंटरला शोधायला गेलो. पेंटरनं ‘प्रथम’वर पांढरा रंग मारून ‘द्वितीय’ लिहिलं, पण जागा अपुरी पडली, म्हणून ‘य’ खाली काढला.

पुढची अट म्हणजे तिन्ही विजेत्या कविता वाचल्या पाहिजेत. बक्षीस तिघांचं, मग आनंद एकट्याचा कसा. आणि वाचायच्या तर टेलकडून: आधी तिसरी, मग दुसरी, शेवटी पहिली. खुर्च्याही तशाच. चारीच्या शेवटची माणसं पुढच्या रांगेत, वरची मागं. म्हणजे कार्यक्रम कानिफनाथरावांचा, भोंगा त्यांचा आणि खुर्ची त्यांची शेवटच्या रांगेत, शेजारच्या हरभऱ्याच्या शेताच्या कुंपणाला टेकून. हा निरोप त्यांना सांगायला अर्थात मलाच पाठवलं.

ह्या सगळ्यात मला एक गोष्ट उशिरा कळली. तात्या तीन दिवस रोज सायकलवर चारीच्या शेवटाला जात होते, चांगुणाबाईंकडं. या बाई एकटीनं शेत करायच्या. मालक वारल्यावर दिरांनी तुकडा पाडून दिला तो नेमका टेलचा. त्या येत नाही म्हणत होत्या, आणि तात्या पुन्हा जात होते. मी काकूंना विचारलं, ह्यांचं एवढं काय आहे. काकूंनी भाकरी थापता थापता सगळं सांगितलं.

सत्याऐंशीची रब्बी होती. पाणी कमी. चांगुणाबाईंची पाळी होती आणि त्या सकाळपासून खोरं घेऊन शेवटच्या गेटावर उभ्या होत्या. वर कानिफनाथरावांच्या वडिलांनी गेट धरून ठेवलं होतं, सोबत चार माणसं. तात्यांनी त्या एका पाळीला माघार घेतली. पाणी वर दिलं, बाईला सांगितलं की पाणी खाली गेलं, आणि वहीत तिच्या नावापुढं पाणी मिळाल्याची खूण म्हणून अंगठा उठवला. स्वतःचा. बाईचा गहू वाळला. बारा वर्षं तात्या त्या शेतावरून जाताना सायकलवरून उतरून चालत जायचे, आणि एक शब्द तोंडातून निघायचा नाही.

“तोंडानं जमंना म्हनून लिवलं,” काकू म्हणाल्या. “आता म्हनत्यात, परक्या मुलकातून छापून आलंय, चार लोकांनी चांगलं म्हनलंय, ते योग्या वाचंल आन् ती ऐकंल. माझं मला म्हनावं लागनार न्हाई.”

तात्यांनी स्पर्धेत भाग घेतला तो बक्षिसासाठी नव्हताच. त्यांना एक माफी पोस्टानं पाठवायची होती, अमेरिकेवरून, आणि मी पोस्टमन, मी पाकीट फाडून आतली चिठ्ठीच काढून टाकली होती.

तात्यांना हे कळण्याची सोय नव्हती, कारण छापून आलेली प्रत इंग्रजी अक्षरांत होती आणि तात्यांची शाळा सातवी, तीही मराठी. मी दोनदा सांगायला गेलो. पहिल्यांदा ते खुर्च्या मोजत होते. दुसऱ्यांदा म्हणालो, तात्या, ती वही जरा द्या, एकदा बघून घेतो. म्हटलं आठ ओळी कागदावर उतरवून मध्ये सरकवू, कुणाला कळतंय. तात्या म्हणाले, “वही कशाला? तिकडून जसं आलं तसं वाच. आपल्या मनानं काई घालू नको, काई काढू नको.” मी म्हटलं, बरं. त्या आठ ओळी आठवायचा मी प्रयत्न केला, तर अंगठा, गहू आणि घाम एवढंच आठवलं. घाम त्यात होता की माझा होता, तेही कळेना.

रविवारी पटांगण भरलं. चांगुणाबाई आल्या होत्या. पुढच्या रांगेत पहिल्या खुर्चीवर, डोक्यावरून पदर, मांडीवर पिशवी. तात्या बाजूला, खुर्चीच्या अगदी कडेवर टेकलेले, कुणी उठ म्हणालं तर लगेच उठता यावं असे. कानिफनाथराव मागच्या रांगेत जेमतेम पाच मिनिटं बसले आणि मग माइकपाशी येऊन उभे राहिले. त्यांच्या प्रास्ताविकात कविता हा शब्द एकदा आला, कारखाना हा शब्द मोजायचा मी सोडून दिला.

मग मी वाचायला उठलो. आधी कुवेतची. तिकडं पेट्रोल स्वस्त आणि पाणी बाटलीतून विकत, असं गोरक्षनाथांनी लिहिलं होतं. लोकांना ते फारच आवडलं. पुढच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, मग आपलं पाणी तिकडं नेऊन डिझेल आणावं. मी हसलो आणि तो कागद खाली ठेवला. दुसरा उचलला.

तात्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले. चांगुणाबाईंकडं बघितलं नाही, समोर बघत राहिले. मी सावकाश वाचलं. आवाज, ओल, विश्वास न ठेवणारी माती. पटांगणात चुळबूळही नव्हती. हे सगळं त्यांचंच होतं ना, चावी, उंदीर, बांध. मी जितकं सावकाश वाचता येईल तितकं वाचलं, तरी वीस ओळी म्हणजे वीसच ओळी. पाणी कुणाचं, हे पाणी विचारत नाही. मी थांबलो. कानिफनाथरावांनी टाळी धरली आणि मागून सगळ्यांनी वाजवली.

तात्यांनी नाही वाजवली. ते वाट बघत होते. टाळ्या संपल्या तरी बघत होते.

“पुढं वाच,” ते म्हणाले.

मी माइकवर हात ठेवला, पण तो बिघडलेला माइक हात ठेवल्यावर जास्तच मोठ्यानं बोलायचा. “तात्या, एवढीच आहे.”

“पुढं हाय.”

“वीस ओळींचा नियम होता, तात्या. आठ जास्त होत्या. मी…” भोंग्यातून माझी कबुली गावाबाहेरच्या बारवेपर्यंत गेली. “मी खालच्या आठ तोडल्या.”

तात्या माझ्याकडं बघत राहिले. चिडले असते तर बरं झालं असतं. ज्या माणसानं एकतीस वर्षं एकच गोष्ट लोकांच्या कानीकपाळी ओरडून सांगितली, त्याच्याकडं ऐकणारं कुणी नव्हतंच की काय, अशा नजरेनं ते बघत होते.

“तोडायच्याच हुत्या तर वरच्या आठ तोडायच्या,” ते हळू म्हणाले. “खालच्या का तोडल्या, लेका?”

मी कागदाची घडी घातली, परत उघडली.

कानिफनाथरावांना बहुतेक कुठलीतरी शंका आली. त्यांनी पोरांना शाल आणायला सांगितली आणि सत्काराचा नारळ मागवला. तेवढ्यात तात्या उठले. वही त्यांच्याकडं नव्हती, कविता पाठ होती की नव्हती देव जाणे, पण त्यांनी ती म्हटलीच नाही. चांगुणाबाईंकडं वळले आणि साधं बोलले.

“चांगुणाबाई, सत्याऐंशीच्या रब्बीला पानी खाली गेलं म्हनालो. गेलं नव्हतं. मी ते वर दिलं. तुमचा गहू मी वाळवला. वहीत तुमच्या नावाम्होरं जो अंगठा हाय…”

इथं त्यांच्या अंगावर शाल पडली. कानिफनाथरावांनी ती मागून एवढ्या घाईनं टाकली की तात्यांचं डोकंच झाकलं गेलं. तात्यांनी शाल खाली ओढली, चष्मा सरळ केला आणि वाक्य पुरं केलं. “…तो अंगठा माझा हाय.”

मागच्या रांगांत कुजबुज सुरू झाली. वर म्हणजे कुठं, हे आमच्या गावात लहान मुलालाही सांगावं लागत नाही. कानिफनाथराव चहाचं काय झालं ते बघायला गेले, स्वतः, पातेल्यापर्यंत.

चांगुणाबाई बसूनच होत्या. त्यांनी पदर सारखा केला. मला वाटलं रडतील, नाहीतर जाऊ द्या म्हणतील, आपल्याकडं अशा वेळी हेच दोन प्रकार होतात.

“मला म्हाईत हाय,” त्या म्हणाल्या. “त्याच उन्हाळ्यात पाटाच्या चौकीवर जाऊन वही बघून आल्ते मी.”

कुणीतरी मधेच तात्यांच्या हातात नारळ दिला.

“पाटकरी, मी चवथी पास हाय. आदीच्या सगळ्या पाळ्यांना माझी सही हाय त्या वहीत. पुरं नाव लिवते मी. तुमी अंगठा मारला. गहू काय, म्होरल्या साली आला. पर तुमी मला अंगठेबहाद्दर केलं, त्याचा राग हाय माझा. बारा वर्सं हाय.”

तात्यांना हे माहीतच नव्हतं. बारा वर्षं त्यांनी वाळलेल्या गव्हाची माफी लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. अठ्ठावीस ओळींत एकाही ओळीत सहीचा शब्द नव्हता. तेवढं मला नक्की आठवतं. ते तसेच उभे राहिले, अंगावर शाल, हातात नारळ, आणि म्हणाले, “सही जमली नसती मला. तुमचं अक्षर लई वळणदार हुतं.”

पुढची रांग हसली. चांगुणाबाईंनी हसू दाबलं की नाही, मला पदरामुळं दिसलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “मग तसं त्या रकान्यात लिवायचं. बसा आता. त्या बाईची ऱ्हायलीय ना वाचायची?”

तात्या बसले. मी दीपाताईंची कविता वाचली, पहिला नंबर, शेवटची पाळी. ती कशीबशी पार पडली. टाळ्या वाजल्या. कानिफनाथराव चहा घेऊन आले आणि सगळ्यांना स्वतःच्या हातानं कप देत फिरले, चांगुणाबाईंना दोनदा.

माणसं पांगली तेव्हा मी तात्यांना म्हटलं, उद्याच त्या आठ ओळी ‘पंगत’ला कळवतो, चूक माझी म्हणून लिहितो. तात्या बॅनरच्या दोऱ्या सोडत होते. म्हणाले, नको. आता त्यांचा तिकडं काय उपयोग. आणि मग, माझा जीव भांड्यात पडतोय न पडतोय तोच, म्हणाले की सहीबद्दल चार ओळी नव्या लिहायला पाहिजेत, संध्याकाळी क्लासवर येतो. ते संध्याकाळी आले. दुसऱ्या दिवशीही आले. चार ओळी लिहून व्हायला त्यांना उरलेला सगळा डिसेंबर लागला आणि त्यातली प्रत्येक ओळ रोज मला ऐकावी लागली. कुठली काप म्हणून त्यांनी विचारलं की मी म्हणायचो, एकही नको.

चांगुणाबाई निघताना माझ्याजवळ आल्या होत्या. पिशवीतून त्यांनी स्टीलचा डबा काढला. तात्या शेजारीच होते, त्यांच्याकडं त्यांनी बघितलंही नाही. म्हणाल्या, नळ चालू ठिवून ती बाई निजती कशी, हे काई मला उमगलं न्हाई, पर लिवती बरं. तिला ही जवसाची चटणी पाठव. तू पाठवितोस ना तिकडं सगळं?

मोडेममधून चटणी जात नाही, हे सांगायला जी ताकद लागते ती त्या दिवशीची माझी संपली होती. मी हो म्हटलं. नगरला पोस्टात चौकशी केली तर खिडकीवरच्या माणसानं माझ्याकडं असं बघितलं की मी डबा पिशवीत ठेवून परत आलो. चार दिवस डबा टेबलाच्या खणात राहिला. पाचव्या दिवशी छगन सरांनी तो उघडला, भाकरी माझ्याकडं होतीच.

दीपाताईंना मी कळवलं की चटणी आली होती आणि चांगली होती. त्यांनी खूप मोठं पत्र लिहिलं. ते मी चांगुणाबाईंना वाचून दाखवायचं आहे. पण हातात डबा घेतल्याशिवाय तिकडं जाता येत नाही, आणि कुणाचा डबा रिकामा द्यायचा नसतो, हे मलाही कळतं. त्यात काय भरून द्यावं, ते अजून सुचलेलं नाही. तात्या भेटले की रोज विचारतात, पोचला का डबा म्हणून ती विचारत होती, काय सांगू? मी म्हणतो, सांगा, वाटेत आहे. डबा अजून खणातच आहे. झाकणावर त्यांनी खिळ्यानं स्वतःचं नाव कोरलंय, पुरं, आणि अक्षर खरंच वळणदार आहे.